ठाण्यातला बातम्यांवर भांडायला लावणारा इंग्रजी क्लास: तीन महिन्यांचा हिशोब

आधीच सांगते, मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. मराठी मिडियमची, बी.कॉम., 17 वर्षं अकाउंट्समध्ये, ईमेल लिहिते, ऑडिटरच्या क्वेरीला उत्तरं देते, टॅक्सची नोटीस आली तर तीपण वाचून कळते. फक्त तोंड उघडत नव्हतं. ऑफिस ऐरोलीला, आणि मागच्या वर्षी आमची टीम सिंगापूरच्या लोकांना रिपोर्ट करायला लागली, दर मंगळवारी कॉल, त्या कॉलवर मी आठ महिने म्यूटवर होते. आठ महिने! काही सांगायचं असलं की शेजारच्या पोराला चॅटवर टाइप करून द्यायचे आणि तो ते वाचून दाखवायचा, 25 वर्षांचा पोरगा, माझंच काम माझ्यासमोर स्वतःच्या आवाजात सांगायचा आणि तिकडून शाबासकी त्याला. त्याची चूक नाही बिचाऱ्याची, मीच देत होते.

याआधी दोन क्लास झालेत माझे. एका ठिकाणी तीन महिने टेन्सेसच चालले, पास्ट परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत पोचलो आणि कोर्स संपला. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक तासाला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची, माय हॉबीज आर रीडिंग अँड कुकिंग, अहो मला कुकिंगची हॉबी नाहीये, रोज करावं लागतं म्हणून करते. ॲपपण झालं, त्यातल्या बाईला मी सफरचंद खाते हे 40 वेळा सांगितलं. म्हणून मैत्रिणीच्या नवऱ्याने जेव्हा सांगितलं की नौपाड्यात एक सर आहेत, पुस्तक नाही, ग्रामर नाही, नुसता पेपर वाचायला लावतात आणि त्यावर भांडायला लावतात, तेव्हा म्हटलं जाऊन तर बघू, भांडण तर येतं आपल्याला.

क्लासचं नाव लिहीत नाही कारण पुढे चार गोष्टी वाकड्यापण लिहिणार आहे आणि सर मनाने चांगले आहेत. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली झेरॉक्सचं दुकान. गाडी आणायचा विचारसुद्धा करू नका, रविवारी सकाळी गोखले रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर लॉटरी काढा. स्टेशनवरून चालत या. फी 9 हजार तीन महिन्यांची, रविवारी 11 ते 1 आणि बुधवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ.

सर कुठल्यातरी इंग्रजी पेपरात डेस्कवर होते, आता रिटायर. डेस्कवर म्हणजे बातमीदार नाही, बातमीदाराने आणलेलं नीट करून वर हेडिंग लावणारे. त्यामुळे पहिले दोन आठवडे आम्ही फक्त हेडिंगं वाचली, आणि खरं सांगते, एवढी वर्षं पेपर घरी येतोय पण हेडिंगचं स्वतःचं वेगळं ग्रामर असतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे काल घडून गेलेली गोष्ट ते साध्या वर्तमानकाळात लिहितात, उद्या होणारी असेल तर नुसतं 'टू' लावतात. 2025च्या सप्टेंबरमध्ये घोडबंदर रोडवर मेट्रोची ट्रायल झाली, ऑक्टोबरमध्ये 8 तारखेला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा सरांनी आदल्या दिवशीचा आणि नंतरचा असे दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले, आदल्या दिवशी 'पीएम टू इनॉगरेट', नंतर 'पीएम इनॉगरेट्स'. 'वॉज', 'वेअर', 'द' सगळं गाळलेलं. का, तर कॉलमची रुंदी ठरलेली आणि अक्षर मोठं, मग शब्द छोटाच पाहिजे. म्हणून परवानगीला 'नॉड', चौकशीला 'प्रोब', विचार चाललाय तर 'मल्स', अटक झाली तर 'हेल्ड'. मी इतकी वर्षं 'हेल्ड' म्हणजे धरून ठेवलं असं वाचत होते, तसं फार चुकीचं नव्हतं म्हणा.

आणि 'रो'. आर ओ डब्ल्यू. भांडण, वाद या अर्थाने रोज पेपरात असतो, मी कायम रो वाचायचे. सर म्हणाले रांग असेल तर रो, भांडण असेल तर उच्चार 'राव', काऊसारखा. वर्गात दोन सेकंद शांतता आणि मग मागून दिवा स्टेशनहून येणारा एक पोरगा म्हणाला, काय राव! त्या दिवशीपासून वर्गात वाद पेटला की कोणीतरी राव म्हणतंच.

आता मेन गोष्ट, डिबेट. पद्धत अशी की प्रत्येकाने एक बातमीचं कात्रण आणायचं, कागदाचं, मोबाइल बंद. त्यातलं एक निवडायचं, मग नाणेफेक. छापा आला तर बाजूने, काटा आला तर विरोधात, तुम्हाला काय वाटतं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. मला सुरुवातीला हे अगदी फालतू वाटलं, आपल्याला पटत नाही ते आपण का बोलायचं? पण होतं काय की आपल्या मनातलं मत आपण मराठीतून आणतो आणि मग ते भाषांतर करत बसतो, आणि तिथेच अडकतो. जे मत आपलं नाहीच त्याचं मराठी डोक्यात तयार नसतं, ते तिथल्या तिथे इंग्रजीतच जुळवावं लागतं. हे सरांनी नाही सांगितलं, माझं मला साधारण पाचव्या आठवड्यात लक्षात आलं, चुकीचंपण असेल, पण माझ्याबाबतीत तसंच झालं.

दुसरा नियम जास्त कडक. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दात सांगायचं, आणि त्याने 'येस, दॅट्स व्हॉट आय सेड' म्हटल्याशिवाय तुमचा नंबर लागत नाही. ऐकायला सोपं वाटतंय ना, करून बघा. पहिल्या महिन्यात अर्धा वेळ यातच गेला, कारण आम्ही कोणी कोणाचं ऐकतच नव्हतो, समोरचा बोलत असताना सगळे आपापलं वाक्य मनात पाठ करत बसलेले. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत आमच्या बॅचला, त्यांना एका नर्स ताईचा मुद्दा सलग चार वेळा सांगता आला नाही, चौथ्यांदा ती मराठीत म्हणाली, काका राहू द्या, मीच तुमच्या बाजूने बोलते.

मराठी शब्द आला तर दंड वगैरे नाही. मराठी शब्द तसाच टाकायचा आणि पुढे जायचं, सर मागे फळ्यावर लिहून ठेवतात, शेवटची 15 मिनिटं त्या शब्दांना इंग्रजी शोधायचं. माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते या 15 मिनिटांत. खोळंबा, वशिला, ताटकळणे, थातुरमातुर, आडमुठा, उंटावरून शेळ्या हाकणे, हे सगळं फळ्यावर. वशिल्याला नुसतं 'इन्फ्लुअन्स' म्हटलं तर जीव जातो त्यातला, 'ही पुल्ड सम स्ट्रिंग्ज' म्हटलं की जवळ येतं. थातुरमातुरला 'परफंक्टरी' निघाला, मोठा शब्द आहे पण लक्षात राहिला कारण अर्धा तास आधी आमच्या सोसायटीच्या रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दल मी पोटतिडकीने तो मराठीत वापरला होता. तेव्हा फळ्यावर पोटतिडकीपण लिहिला गेला, त्याला अजून कोणाला इंग्रजी सापडलेलं नाही.

आपल्या चुकापण सगळ्यांच्या सारख्याच असतात हे बघून फार बरं वाटतं. 'आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री' हे 17 पैकी 11 जण म्हणत होते, मी धरून. सहमत 'आहे' मधला 'आहे' कुठेतरी टाकायलाच हवा असं आपल्याला वाटतं ना. 'डिस्कस अबाउट' सगळ्यांचं, कारण 'बद्दल' हवंच. 'ही टोल्ड दॅट', तो म्हणाला की. वाक्याची सुरुवात 'मीन्स'ने, कारण आपण म्हणजेने करतो, आणि प्रत्येक 'च'ला एक 'ओन्ली', आय वॉज देअर ओन्ली. सर बोलताना कोणाला तोडत नाहीत, ही त्यांची फार चांगली सवय. बोलून झालं की एक चिठ्ठी देतात, तीनच चुका, जास्त नाही. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर तिसरी ओळ होती की तू खाली बघून बोलतेस, ती चूक इंग्रजीची नाही.

विषयांचं सांगते. सगळ्यात जोरात झाला कुत्र्यांचा. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2025ला दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यायला सांगितलं होतं, मग 22 तारखेला मोठ्या बेंचने ते बदललं, नसबंदी करा, लस द्या आणि होती तिथेच परत सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, खायला घालायचं ते ठरवलेल्या जागेवरच. आणि परत 7 नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं, बस स्टँड इथली कुत्री काढा आणि तिथे परत सोडू नका. वर्गात वसंत विहारच्या एक काकू आहेत, रोज रात्री कुत्र्यांना चिकन-भात घालतात, आणि नाणेफेकीत त्यांच्या वाट्याला आलं कुत्र्यांच्या विरोधात बोलायचं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या आणि असं बोलल्या, असं बोलल्या की आम्ही थक्क, कारण कुत्र्यांवरचा प्रत्येक आरोप त्यांना पाठ आहे, वर्षानुवर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकतायत ना. शेवटी मात्र राहवलं नाही, म्हणाल्या, बट द डॉग्ज आर स्टिल बेटर बिहेव्ह्ड दॅन द कमिटी. सरांनी मार्क कापले, आम्ही टाळ्या वाजवल्या.

आठवड्याला 90 तास काम यावर एक रविवार गेला. नारायण मूर्तींचं 70 तासांचं 2023मधलं आणि मग जानेवारी 2025मध्ये एल अँड टीच्या चेअरमनचं 90 तासांचं, दोन्ही बातम्या जुन्या पण सरांनी मुद्दाम काढल्या कारण यावर ज्याला मत नाही असा माणूस नोकरदारांत सापडणार नाही. बँकवाले काका 90च्या बाजूने, मनापासून. नर्स ताई नाइट करून आली होती, विरोधात, तिने एकच केलं, 90ला 6ने भागलं, 15 तास, मग दिवसाच्या उरलेल्या 9 तासांतून येणंजाणं, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास असं एकेक वजा करत गेली, सगळं अगदी साध्या इंग्रजीत, आणि शेवटी उरले वजा दोन तास. 'व्हेअर डू आय बॉरो टू अवर्स फ्रॉम, सर?' एकही अवघड शब्द नाही. मी वहीत लिहून घेतलं ते.

भाषेच्या बातमीवर इंग्रजीतून भांडणं म्हणजे तर गंमतच. पहिलीपासून हिंदीचे जे दोन जीआर सरकारने 29 जून 2025ला मागे घेतले, त्यावरून सरांनी 'मागे घेणे'चे प्रकार शिकवले. सरकार स्वतः मागे घेतं ते 'विथड्रॉ', कायमचं गुंडाळलं तर 'स्क्रॅप', वाढवलेलं भाडं परत खाली आणलं तर 'रोल बॅक', कोर्टाने रद्द केलं तर 'क्वॅश', आणि कोर्टाने नुसतं थांबवलं तर 'स्टे'. हा स्टे मी घरी पेपरात दाखवला तर आमचे हे म्हणतात, कोर्ट राहतंय कुठे? असो. त्या दिवशी मराठीच्या बाजूने सगळ्यात चांगलं कोण बोललं असेल तर आमच्यातले मिठाईच्या दुकानवाले गुजराती भाऊ, म्हणाले माझा गल्ला मराठीत चालतो, माझी आई देवाशी गुजरातीत बोलते, आणि पोरगा माझ्याशी इंग्रजीत भांडतो, आता सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात चौथी कुठे ठेवू. हे त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं पण सगळ्यांना सगळं कळलं.

एक रविवार असा गेला की त्यावर हसता येत नाही. विषय होता लोकलचे दरवाजे. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना पास होताना दारातली माणसं पडली, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की नवीन लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे देणार, साध्या लोकललापण, हवा खेळावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवेची सोय आणि डब्यातून डब्यात जायला वाट. दिव्याच्या पोराला नाणेफेकीत दरवाज्यांच्या विरोधात बोलायचं आलं. रोज दिव्याहून चढतो तो, सकाळी पावणेआठला. सुरुवात केली, 'पीपल वेअर हँगिंग आउट अ‍ॅट द डोअर', आणि बँकवाले काका हसले, कारण हँगिंग आउट म्हणजे टाइमपास करत उभं राहणं. सरांनी फळ्यावर लिहिलं, लोंबकळणे, हँगिंग ऑन, क्लिंगिंग टू. पोरगा लिहिलेलं बघत राहिला आणि मग इंग्रजी सोडून मराठीतच बोलायला लागला, की दार बंद झालं तर आत मावणार नाही तो माणूस कुठे जाणार, प्लॅटफॉर्मवरच राहणार, त्याचा लेटमार्क कोण देणार, दार लावा ना पण गाड्या वाढवा आधी. सरांनी थांबवलं नाही. काका उठून गेले आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आले, सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. पुढच्या बुधवारी तोच मुद्दा त्याने पूर्ण इंग्रजीत मांडला, सात मिनिटं, कागद न बघता.

महिन्यातून एकदा शेवटच्या बुधवारी तलावपाळीवर फेरी असते, जोडीजोडीने, तळ्याला चक्कर मारायची आणि नेमून दिलेल्या बातमीवर बोलत राहायचं. लोक बघतात. मी आणि कुत्र्यांच्या काकू ऑस्ट्रेलियाच्या सोशल मीडियाच्या कायद्यावर भांडत होतो, 16 वर्षांखालच्यांना बंदी, 10 डिसेंबरपासून सुरू झाली ती, आणि मी एवढ्या तावातावाने बोलत होते की चणेवाल्याला वाटलं खरंच काहीतरी झालंय, मध्ये पडला, ताई सोडा ना. घरीपण तेच, लेक म्हणते, आई तू इंग्रजी बोलतेयस की भांडतेयस, दोन्हीला तुझा आवाज एकच असतो. तिचं वय 13, तिला ऑस्ट्रेलियाची बातमी मी मुद्दाम वाचायला दिली, इतकी अस्खलित उलटून बोलली की फी परत मागावी तर तिच्या शाळेकडे नाही मागता येणार असं वाटलं.

आता तक्रारी. बॅच 10 जणांची सांगितली होती, आम्ही 17 होतो. 17 जणांत दोन तासांत प्रत्येकाला नीट बोलायला किती मिनिटं येतात हिशोब करा, मी केलाय, सरांचा वेळ वजा करून साडेचार. आणि सरांचा वेळ वजा करावाच लागतो कारण त्यांच्या डेस्कच्या दिवसांच्या गोष्टी सुरू झाल्या की संपत नाहीत, रात्री दोन वाजता पान कसं बदललं, कोणाचं हेडिंग कसं फसलं, ऐकायला भारी असतात पण आम्ही ऐकायचे पैसे दिलेले नाहीत, बोलायचे दिलेत. चिठ्ठ्यांचंही तेच, नोव्हेंबरपासून अर्ध्याच लोकांना मिळायला लागल्या. हे मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, आधी त्यांचं म्हणणं त्यांच्यासमोर माझ्या शब्दात सांगून. हसले आणि म्हणाले पॉइंट टेकन. चिठ्ठ्या सुधारल्या, गोष्टी नाही सुधारल्या.

बायकांना मध्येच तोडलं जातं, हे जरा जास्तच होतं. नियमात बसत नसलं तरी होतं, आणि तोडणाऱ्याला कळतही नाही. सरांनी लक्ष दिलं पाहिजे. दिवाळीच्या आसपास दोन तास रद्द झाले ते भरून दिले नाहीत, विचारलं तर बघू बघू. उच्चार वेगळे असे शिकवत नाहीत, तो राव सोडला तर, व्ही आणि डब्ल्यू मी अजून सारखेच म्हणते. आणि पालिका निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा पक्षांची नावं घ्यायची नाहीत हा नियम असूनही दोन रविवार नुसता गोंधळ, तो सगळा मराठीत, फळा पूर्ण भरला आणि त्यातले बरेच शब्द शोधण्यासारखे नव्हते.

ज्यांना तीन महिने फी भरायची नाहीये त्यांना सरांचाच एक सल्ला फुकटात सांगते, त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला दिला होता. एकच बातमी आधी मराठी पेपरात वाचा, मग त्याच दिवशीच्या इंग्रजी पेपरात. लोकसत्ता आणि इंडियन एक्सप्रेस एकाच घरचे, मटा आणि टाइम्सपण. अर्थ आधीच माहीत असतो म्हणून डिक्शनरी लागत नाही, सगळं लक्ष वाक्य कसं बांधलंय त्याच्यावर राहतं. आणि कानाला बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश, दोन माणसं गप्पा मारतात, सावकाश बोलतात. मी नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर पकडते, दिघा गेलं की ऐरोली, तेवढ्यात एक एपिसोड बसतो, गाडी वेळेवर असेल तर. पण तोंड उघडायचं काम यातलं काहीच करत नाही, त्याला समोर माणूसच लागतो, आणि तो माणूस तुमच्याशी असहमत असला पाहिजे. नुसतं हो हो म्हणणाऱ्यासमोर चार वाक्यांच्या पुढे कोणी जात नाही.

मंगळवारच्या कॉलचं सांगायचं राहिलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिंगापूरची बाई म्हणाली की व्हेंडर पेमेंट तुमच्याकडे अडकली. शेजारच्या पोराने सवयीने चॅट उघडलं, माझ्याकडे बघितलं. मी म्यूट काढला. म्हटलं, सो यू आर सेइंग द डिले हॅपन्ड अ‍ॅट अवर एंड. ती म्हणाली येस. म्हटलं, आय सी व्हाय इट लुक्स लाइक दॅट, बट द इन्व्हॉइसेस रीच्ड अस ऑन द ट्वेंटी-सिक्स्थ, अँड द कट-ऑफ इज द ट्वेंटी-फिफ्थ. आणि रक्कम लाखात न सांगता मिलियनमध्ये सांगितली, हेपण बातम्यांमुळे, 10 लाख म्हणजे एक मिलियन, हजार कोटी म्हणजे दहा बिलियन, अटल सेतूच्या खर्चावरून पाठ झालंय. ती गप्प झाली, मग म्हणाली फेअर पॉइंट. माझे हात टेबलाखाली थरथरत होते ते सोडा.

पण एक आहे. त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये चेन्नईहून आलेल्या एका मॅडमनी सहज विचारलं, एनी प्लॅन्स फॉर द वीकेंड? आणि मी ब्लँक. काहीच नाही सुचलं. ही काही बातमी नव्हती, ना बाजू ना विरोध, मी हसले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरले, ऑफिस सहाव्यावर आहे. भांडायला शिकवलं यांनी, पण नुसतं बोलायला, इकडचं तिकडचं, कशा आहात बऱ्या आहात ना, ते या क्लासमध्ये नाही. आणि दुसरं म्हणजे मी आता मॅनेजरलासुद्धा 'आय बेग टू डिफर' म्हणते, पँट्रीतल्या चहाच्या ब्रँडवरून म्हटलं परवा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

कोणासाठी आहे तर ज्यांना वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळतं आणि तोंडच उघडत नाही त्यांच्यासाठी. अगदी सुरुवातीपासून शिकायचं असेल तर जाऊ नका, आमच्यातले तिघं दुसऱ्या आठवड्यात सोडून गेले आणि फी परत मिळाली नाही त्यांना. पाचपैकी मी साडेतीन देईन. बॅच 10ची ठेवली असती तर साडेचार दिले असते. रविवार घेणार असाल तर सकाळी काही खाऊ नका, क्लास सुटल्यावर सगळे मामलेदारला मिसळ खायला जातात आणि तिथे मराठीतच भांडतात, तीपण मजा आहे.

नवीन बॅच फक्त बुधवारची, आठच जणांची काढतायत म्हणे, फी तेवढीच. मी सरांना विचारलं त्यात गप्पा मारायचा काही प्रकार आहे का, म्हणाले तो विषय म्हणून डिबेटला ठेवू. भरले पैसे.